पाठ एक, वाटा अनेक

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणीकडे गोंड व कोलाम, तर पुसद, दिग्रसकडे बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. मराठी पुस्तकातील ‘पाणी’ हा शब्द बंजारा मुलास घरचाच वाटतो; परंतु गोंडाचे मूल पाण्यास ‘येर’ म्हणते आणि कोलामाचे ‘ईर’. असे मूल वर्गात गप्प बसले, म्हणजे त्यास मंद ठरविले जाते. वस्तुतः त्यास प्रश्नच परका असतो. हा शिक्का बसलेले मूल पुढे शाळेस पारखे होते.

यास्तव पाठ एक असावा, वाटा अनेक असाव्यात. बेरीज शिकवावयाची, तर कोणी तुरीचे दाणे मोजावेत, कोणी पाटीवर आकडे मांडावेत, आणि ज्यास ते साधले त्याने कापसाच्या वजनाचा हिशेब करावा. वेचणीच्या दिवसांत शाळा चुकलेल्या मुलास मागील पाठ निराळा द्यावा. त्याच्याच बोलीचा मोठा विद्यार्थी त्याच्याजवळ बसवावा.

मात्र हे गट दर पंधरवड्यास मोडावेत. ते कायमचे झाले, तर वर्गात नवी जातच उत्पन्न व्हावयाची!

सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्यास सांगितले आहे. परंतु कोणत्या मुलाचे पाऊल कोठे अडते, हे शिक्षकानेच पाहावयाचे असते. शहरातील पालकहो, आपल्या घरची दोन भावंडे तरी एका चालीने कोठे शिकतात?