मनाचे औषध, देहाचे पथ्य



हिंगणघाटच्या गिरणी कामगारांत आमचे आयुष्य गेले. डॉक्टरी आम्ही शिकलो नाही. पण विशीतला मुलगा एकाएकी अबोल होतो, कानांत आवाज येतात म्हणतो, शेजारी आपल्यावर टपले आहेत असे समजतो, तेव्हा कामगाराचे घर कसे हादरते हे आम्ही पाहिले आहे. या विकाराला सायकोसिस म्हणतात. सेवाग्रामला, सावंगीला त्यावर उपचार होतात. आवाज थांबतात, मुलगा झोपू लागतो, जेवू लागतो.

खरा प्रश्न येथून पुढे आहे. ओलान्झापिनसारख्या काही औषधांनी भूक खवळते, अंगात सुस्ती येते, पहिल्या काही महिन्यांतच वजन झपाट्याने वाढते. आई म्हणते, "पोराच्या अंगी लागलं!" मुलगा मात्र आरशात पाहून गोळ्या फेकतो आणि आजार उलटतो. तीव्र मनोविकार असलेली माणसे सरासरी १० ते २० वर्षे आधी जातात, तीही बहुधा हृदयविकारासारख्या शरीराच्या रोगांनी.

मग औषध सोडावे काय? मुळीच नाही. गिरणीत पट्ट्याने मजुराचा हात घेतला की मालक म्हणे, मजूर बेसावध होता. आम्ही म्हणत असू, गिरणी चालू द्या, पण पट्ट्याला जाळी घाला. येथेही तेच. मुलाला आळशी, खादाड म्हणू नका, जाळी घाला.

सिडनीत ती घातली. औषधाच्या आरंभापासूनच परिचारिका, आहारतज्ज्ञ व व्यायामशिक्षक दिले. २०१६ साली छापून आलेल्या त्या पाहणीत १२ आठवड्यांत या तरुणांचे वजन सरासरी १.८ किलो वाढले. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांचे ७.८ किलो. गट लहान होता, पण फरक मोठा.

यात आपल्याला न झेपणारे काय आहे? पहिल्याच दिवशी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर लिहून ठेवावी. चहातली साखर कमी करावी, ताटात भाकर, वरण, पालेभाजी असावी. रोज चालावे, पण एकट्याने नव्हे. भावाने, मित्राने सोबत जावे. खर्रा, विडी सोडवावी. मात्र विडी सोडताना डॉक्टरांना सांगावे, कारण धुराने काही औषधांचे रक्तातील प्रमाण बदलते.

घराने एवढे करावे. बाकीचे दवाखान्याकडे मागावे, आणि ते उपकार म्हणून नव्हे. पहिल्या गोळीबरोबर वजनकाटा आणि आहाराचा सल्ला मिळणे हा त्या मुलाचा हक्क आहे. हक्क एकट्याने मागून मिळत नाही, एवढे तरी आम्ही गिरणीत शिकलो आहोत.