अंगणातील बारमाही फुलझाडे : निवड करताना काय पाहावे?

(भंडारा जिल्ह्यातील एका गावी झालेल्या शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



धानाची रोवणी, खोडकिडा आणि गादमाशी या विषयांवर आज सविस्तर बोलणे झाले आहे. माझाही विषय कृषिविद्येचा, म्हणजे पीक, जमीन आणि पाणी यांचा. तरीसुद्धा आज मी घरासमोरचे अंगण आणि घरामागची वाडी यांबद्दल बोलणार आहे. त्याचे कारण असे की, प्रत्येक मेळावा संपून मंडळी उठू लागली की भगिनी एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, बाराही महिने फूल देईल असे एखादे झाड सांगा." रोजच्या पूजेला दोन फुले, सणाला हार, केसांत माळायला गजरा, एवढीच त्यांची गरज असते.

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की, आपल्या जिल्ह्यात बाराही महिने सारखेच फुलणारे एकच एक झाड शोधू नये. जागा, महिना आणि घरातील माणसे-जनावरे पाहून पाच-सहा झाडे निवडली, तर मात्र अंगण बाराही महिने फुललेले राहते.

चूक कोठे होते?

आपण रोपवाटिकेत बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातो. त्या वेळी शेवंती, पिटुनिया, डेलिया अशी फुले पूर्ण बहरात असतात. आपण फूल पाहून रोप घेतो. मीही नोकरी लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात अशी अकरा रोपे आणली होती. मे महिन्यात त्यातील दोनच उरली. मागाहून लावलेली जास्वंद चांगली वाढली, पण ती मी अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात लावली होती. ऑगस्टच्या झडीत तिच्या बुडाशी आठ दिवस पाणी साचले, मुळे कुजली आणि झाड उभ्याउभ्या वाळले. शेतकऱ्यांना निचऱ्याचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाच्याच अंगणात हे घडले!

आपल्या भागात फुलझाडाच्या दोन परीक्षा होतात. पहिली जुलै-ऑगस्टमध्ये, जमिनीत पाणी साचते तेव्हा. दुसरी एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा. आपला जिल्हा तळ्यांचा खरा, पण मे महिन्यात विहिरीचा दोर किती खाली सोडावा लागतो हे पाणी ओढणाऱ्या बाईलाच ठाऊक असते. जे झाड या दोन्ही परीक्षा पास होते, तेच अंगणात टिकते.

धान निवडता तसे फूल निवडा

तुम्ही वरच्या बांधीत हलके धान घेता आणि पाणी धरणाऱ्या खालच्या बांधीत भारी धान घेता. हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. अंगणातही हाच हिशेब लावावा. कन्हार जमीन पाणी धरून ठेवते. तेथे उंचवटा केल्याशिवाय जास्वंद, सदाफुली लावू नये. सिहार जमिनीत बहुतेक झुडपे चांगली येतात. खरडी किंवा बरडी जमीन लवकर वाळते. तेथे कण्हेर, बोगनवेल यांसारखी काटक झाडे घ्यावीत. मोरांड जमिनीत चुनखडी जास्त असेल तर इक्झोराची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. अशा ठिकाणी इक्झोराचा हट्ट धरू नये.

काही झाडे जास्त दिवस का फुलतात?

शेवंतीला कळी धरण्यासाठी रात्र मोठी व्हावी लागते, म्हणून ती हिवाळ्यात एकदा फुलून थांबते. मोगऱ्याचा मुख्य बहर उन्हाळ्याचा. जास्वंद, सदाफुली, तगर, अबोली यांचे तसे नाही. त्यांना नव्या फुटीवर फूल येते. नवा शेंडा निघत राहिला की कळीही येत राहते. यातून दोन कामे ठरतात : नवी फूट यावी म्हणून हलकी छाटणी करणे आणि बी धरू न देणे. बी पोसण्यात झाडाची शक्ती गेली की फुले कमी होतात.

भरवशाची झाडे

जास्वंद : गावरान, एकेरी पाकळ्यांची तांबडी जास्वंद सर्वांत काटक आहे. मोठ्या फुलांचे संकरित प्रकार दिसायला सुंदर असतात, पण ऊन आणि कीड यांना लवकर बळी पडतात. फूल एकच दिवस टिकते, म्हणून झाडावर शेंडे जास्त हवेत. दोन झाडे लावावीत. एकाची छाटणी फेब्रुवारीत, तर दुसऱ्याची जूनअखेर करावी. छाटणीनंतर पुन्हा बहर येण्यास साधारण दीड-दोन महिने लागतात. दोन्ही झाडे एकाच दिवशी छाटली, तर तेवढे दिवस देव फुलाविना राहतो.

तगर : पांढरी तगर जवळजवळ वर्षभर फुलते. अर्धवट सावलीही तिला चालते, त्यामुळे घराच्या उत्तर-पूर्व बाजूस किंवा आंब्याच्या कडेला ती लावता येते. छाटकलमापासून सहज लागते. फांदी तोडताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

अबोली : गजऱ्यासाठी हिच्यासारखे झाड नाही. दुपारची सावली मिळेल अशी जागा द्यावी. कडाक्याची थंडी आणि सततचा पाऊस यांत फुले कमी होतात, एरवी वर्षभर मिळतात. फुले संपलेले तुरे खुडून टाकावेत. वाळलेल्या तुऱ्यावर पाण्याचा थेंब पडला की बोंड फुटून बी उडते, म्हणून बी हवे असल्यास तुरे आधीच काढून घ्यावेत. दोन-तीन वर्षांनी झाडे बदलावीत. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी दिसल्यास त्याच जागी पुन्हा अबोली लावू नये.

सदाफुली : नावाप्रमाणे वागणारे झाड. उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर तग धरते. मात्र पाणी साचले की कुजते. जुने झाड खोडाशी लाकडासारखे होते आणि फुले लहान पडतात, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नवे रोप धरावे.

कर्दळ : न्हाणीच्या पाण्याची जागा, विहिरीची कड, अंगणाचा खोलगट कोपरा अशा इतर झाडे मरणाऱ्या ठिकाणी कर्दळ आनंदाने वाढते. फुले संपलेला दांडा जमिनीलगत कापावा, म्हणजे शेजारून नवा कोंब येतो. दोन-तीन वर्षांनी कंद खणून वेगळे करावेत.

गोकर्ण : कुंपणावर चढवण्यासाठी निळी किंवा पांढरी गोकर्ण घ्यावी. ही द्विदल वर्गातील असल्याने हिच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भरपूर फुले येतात. कोवळ्या शेंगा तोडत राहिल्यास बहर लांबतो.

बोगनवेल : उन्हाळ्यात बाकीचे अंगण कोमेजते तेव्हा ही रंगते. हिला पाणी आणि खत जास्त दिले तर नुसती पाने वाढतात. काटे असल्याने येण्या-जाण्याच्या वाटेवर लावू नये.

गलार्डिया हे खऱ्या अर्थाने बहुवर्षायू झाड नाही, पण बी पेरून थोड्या-थोड्या अंतराने रोपे करत राहिल्यास वर्षातील बरेच महिने फुले मिळतात. त्याच्यावर आणि तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. वाडीत दोडका, कारली, कोहळा असेल तर या माश्यांचा फळधारणेला फायदाच होतो.

हे मात्र लक्षात ठेवा

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. कण्हेर हे उन्हात टिकणारे, भरपूर फुलणारे झाड आहे. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही जवळजवळ वर्षभर फुलते. परंतु या दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी आहेत. हे विष थेट हृदयावर परिणाम करते. बिट्टीच्या बिया मुले खेळायला घेतात आणि खेळता खेळता तोंडात घालतात. कण्हेरीची छाटलेली पाने वाळली तरी विष जात नाही. उलट वाळलेली पाने चाऱ्यात मिसळली तर गुरे आणि शेळ्या ती नकळत खातात.

म्हणून घरात लहान मूल असेल किंवा अंगणात शेळ्या, वासरे मोकळी फिरत असतील, तर ही दोन झाडे लावूच नयेत. त्यांची जागा उन्हाळ्यासाठी बोगनवेल आणि मोगरा यांना द्यावी. झाड आधीपासून असेल तर बिट्टीची फळे हिरवी असतानाच तोडून खोल पुरावीत. छाटलेल्या फांद्या चुलीत जाळू नयेत, गोठ्याजवळ टाकू नयेत. कोणी बी किंवा पान खाल्ले असे कळल्यास उलटी होण्याची वाट पाहत बसू नये, घरगुती उपाय करू नये. त्रास दिसत नसला तरी ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि त्या झाडाचे पान किंवा फळ सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.

सदाफुलीविषयीही असेच. तिच्यापासून व्हिनब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे तयार होतात, हे खरे आहे. त्यावरून काही जण मधुमेहासाठी रोज सकाळी तिची पाने चावतात. असे करू नका. कारखान्यात शुद्ध करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेले औषध वेगळे आणि अंगणातले पान वेगळे. सदाफुली फुलासाठी लावावी, पोटात घेण्यासाठी नाही.

लागवड आणि पाणी

मे महिन्यात ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत. दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत यांनी ते भरावेत. जमीन कन्हार असेल तर थोडी वाळू मिसळावी आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर उंच वरंबा करून त्यावर झाड लावावे. चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर लागवड करावी. जास्वंद आणि तगर यांची पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची छाटकलमे पावसाळ्यात लावली तर विकतचे रोप आणण्याची गरज नाही. शेजारणीकडून फांदी मागून आणावी.

उन्हाळ्यातील पाण्याचा हिशेब आधीच करावा. आठ झाडांना प्रत्येकी सहा लिटर पाणी दर चौथ्या दिवशी दिले, तर ४८ लिटर होतात, म्हणजे दिवसाला १२ लिटर. भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी साठवले तर यातील बराचसा भाग त्यातूनच भागतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र झाडांना घालू नये. आपल्याकडे तणसाला तोटा नाही. आळ्यात तणसाचा चार बोटे जाड थर द्यावा, ओल जास्त दिवस टिकते. थर खोडापासून वीतभर दूर ठेवावा, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

खत आणि कीड

जून आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक झुडपाला एक-दोन घमेली शेणखत पुरेसे आहे. धानाला टाकून उरलेला युरिया फुलझाडाला मूठभर टाकण्याची सवय अनेकांना आहे. त्याने झाड हिरवेगार होते, पण फुले रुसतात, आणि कोवळ्या फुटीवर मावा येतो.

त्याहून वाईट सवय म्हणजे धानावर फवारून उरलेले औषध पंपात तसेच आहे म्हणून जास्वंदीवर मारणे. ही फुले आपण हातात घेतो, केसांत माळतो, लहान मुले ती तोंडात घालतात. अंगणात ही औषधे नकोत. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढा शेंडा कापून जाळावा आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, एक लिटर द्रावण करावे व त्यात चिमूटभर साबण मिसळावा. वाडीत भेंडी असेल तर हे काम लांबणीवर टाकू नये, कारण हा कीटक जास्वंदीवरून भेंडीवर जातो.

तसेच सदाफुलीची पाने बारीक होऊन फुले हिरवी पडू लागली तर झाड उपटून नष्ट करावे. वांग्यावरील पर्णगुच्छ रोगाचे जंतू सदाफुलीतही राहू शकतात, आणि तुडतुडे हा रोग पसरवतात.

एक नमुना

शेवटी, एका साध्या अंगणासाठी नमुना सांगतो. उंचवट्यावर दोन जास्वंदी, सावलीच्या बाजूला एक तगर आणि चार अबोली, उन्हात चार सदाफुली, कुंपणावर एक गोकर्ण, मोरीच्या पाण्यावर कर्दळ, कोपऱ्यात एक बोगनवेल आणि उन्हाळ्याच्या गजऱ्यासाठी एक मोगरा. पावसाळ्यात कर्दळ व गोकर्ण, हिवाळ्यात तगर व सदाफुली, उन्हाळ्यात मोगरा व बोगनवेल आणि या सर्वांच्या मध्ये जास्वंद. एक थकले की दुसरे उभे राहते. एवढेही जमत नसेल तर यंदा जास्वंद, तगर आणि कर्दळ ही तीनच लावावीत.

रोपवाटिकेत गेल्यावर "हे फूल किती छान!" असे मनात येईलच. तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे झाड ऑगस्टच्या पाण्यात राहील का? मे महिन्याच्या उन्हात टिकेल का? आणि माझ्या घरच्या मुलाने किंवा शेळीने ते तोंडात घातले तर काय होईल? तिन्ही उत्तरे मनाजोगी आली, तरच पैसे काढा.