एस आणि आर

'डॉक्टर, एखादे अँटिबायोटिक लिहून द्या,' असा आग्रह दवाखान्यात सर्रास ऐकू येतो. सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर या औषधांचा उपयोग नाही. जिवाणूंवरही प्रत्येक अँटिबायोटिक चालेलच असे नाही. कोणते चालेल, हे सांगते ती 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' तपासणी.

मी बी.ए. झालेला कवी माणूस; विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच. दोन वर्षांपूर्वी अम्मींना लघवीचा संसर्ग होऊन रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा ही तपासणी मी समजून घेतली. प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, "काका, नमुना औषध सुरू होण्याआधीचा हवा. नंतर जंतू बशीत नीट उगवत नाहीत."

लघवी, रक्त, थुंकी, पू; जिथला आजार तिथला नमुना. त्यातले जिवाणू पोषक थर असलेल्या बशीत रात्रभर उबेत वाढवतात. मग ते दुसऱ्या बशीवर पसरून वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चालणाऱ्या औषधाभोवती मोकळे वर्तुळ दिसते. जिवाणू दाद देत नसतील, तर ते चकतीला भिडून वाढतात. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून औषधापुढे 'एस' म्हणजे लागू किंवा 'आर' म्हणजे निष्प्रभ, असे लिहितात. बाउर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

अम्मींच्या अहवालात नेहमीच्या दोन औषधांपुढे 'आर' होते आणि एका जुन्या, स्वस्त औषधापुढे 'एस'. डॉक्टरांनी औषध बदलले, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. नमुना घेऊन अंदाजाने औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर बदलतात. क्षयरोगासाठी तर सुमारे दोन तासांत रिफाम्पिसिनचा प्रतिरोध दाखवणारी चाचणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली तिला मान्यता दिली.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. असे सरावलेले जंतू एकाच्या अंगात राहत नाहीत. हातांवरून, नळ्यांवरून शेजारच्या खाटेवर जातात. तिथे कुणाचे तान्हे मूल असेल, कुणाची म्हातारी आई असेल.

म्हणून उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका, मनाने औषध घेऊ नका. डॉक्टर अँटिबायोटिक लिहू लागले, की एवढेच विचारा : "आधी नमुना पाठवायचा का?"