प्रकल्पवही कोणी लिहिली?



सांगितले ते लिहून देणारे चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. जानेवारी उजाडताच न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी आपल्या संगणकांवर आणि वायफायवर ते बंद केले. मुलांच्या खिशातले मोबाइल चालूच होते. मे महिन्यात तिथल्या शाळांचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड बँक्स यांनी ही बंदी मागे घेतली.

मग चॅटजीपीटीकडून लिहून घेतल्याची चोरी पकडणारी यंत्रे आली. चॅटजीपीटीच्याच ओपनएआय कंपनीने २०२३च्या जानेवारीत असे एक यंत्र काढले. कंपनीच्याच चाचणीत चॅटजीपीटीसारख्या यंत्रांनी लिहिलेल्या शंभर मजकुरांतले ते २६ ओळखायचे आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरांतल्या ९ मजकुरांवर नाहक ठपका ठेवायचे. जुलैत कंपनीने ते गुंडाळले.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात यंत्रांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध दिले. लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले! कारण काय, तर बेताचे शब्द आणि सरळ वाक्ये. मराठी माध्यमातून कॉलेजात गेलेल्या मुलाचे इंग्रजी बहुधा असेच असते.

मग मुलांना ते खुशाल वापरू द्यावे का? तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला साधे चॅटजीपीटीसारखे साधन मिळाले. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. साधन काढून परीक्षा घेतली, तेव्हा ते साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडले. दुसऱ्या गटाचे साधन उत्तर न सांगता पुढच्या पायरीची खूण तेवढी द्यायचे. त्या मुलांचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही.

मग आपल्या वर्गात काय करावे? गाइडमधून उतरवलेली प्रकल्पवही आपल्या शिक्षकांना नवी नाही आणि तिच्यावरचा उपायही जुनाच आहे: तोंडी परीक्षा. ‘गावातील पाणीटंचाई’ या प्रकल्पात विहिरीची पातळी लिहिली असेल, तर विचारावे, “कुठली विहीर? दोरी कोणी सोडली? रहाट आहे का तिला?” विहिरीवर गेलेली मुलगी चिखलापासून सांगायला लागते. न गेलेला मुलगा वहीकडे बघतो. त्याला रागावण्यापेक्षा विहिरीवर पाठवावे आणि यंत्राची मदत घेतली असेल तर कुठे घेतली, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला सांगावे.

वर्गात साठ मुले असली, तरी रोज सहा जणांना दोन-दोन मिनिटे विचारले, की दहा दिवसांत सगळा वर्ग होतो.