जोहड आणि नदीची संसद



तलाव बांधणे कष्टाचे असते. बांधलेला तलाव राखणे त्याहूनही कठीण. राजस्थानातील अलवर जिल्ह्याच्या थानागाझी भागात 1985 नंतर जे घडले, त्यावरून याची चांगली कल्पना येते.

अरवलीच्या डोंगरांतील या प्रदेशात पाऊस थोडा, आणि तोही वर्षातील मोजक्याच दिवसांत पडतो. ते पाणी वाहून जाऊ नये म्हणून येथील पूर्वजांनी उताराला आडवे, बहुधा अर्धचंद्राच्या आकाराचे, मातीचे बांध घातले. अशा बांधामागील तळ्याला जोहड म्हणतात. जोहडावर गुरे पाणी पितात. परंतु त्याचे मोठे कार्य जमिनीखाली चालते. साठलेले पाणी हळूहळू मुरते आणि उताराखालच्या विहिरींना पाझर फुटतात. पुढे ही व्यवस्था ढासळली. जंगले तुटली, जोहड गाळाने भरले, विहिरी आटल्या आणि तरुण मंडळी मजुरीसाठी शहरांकडे निघून गेली.

1985 साली तरुण भारत संघाचे राजेंद्र सिंह व त्यांचे काही सहकारी या भागात आले. शिक्षण व औषधोपचार यांचे कार्य करावे, असा त्यांचा मनोदय होता. गोपालपुरा येथील वृद्धांनी मात्र सांगितले की, गावाला आधी पाणी हवे. त्यानुसार जोहड खोदण्यास प्रारंभ झाला. विहिरींना पाणी आलेले पाहून इतर गावांनीही तीच वाट धरली. काम ग्रामसभेने ठरवावे आणि खर्चाचा काही वाटा गावाने श्रमदानाने उचलावा, असा प्रघात पडला. अरवरी नदीच्या उगमाकडील भांवता-कोल्याला येथील लोकांनी बांध तर घातलेच, शिवाय डोंगरावरील झाडेही राखली. या पाणलोट क्षेत्रात शेकडो बांध उभे राहिले. एरवी केवळ पावसाळ्यात वाहणारी अरवरी 1990 नंतरच्या दशकात बारमाही वाहू लागली.

खरी कसोटी यानंतर लागली. नदीत पाणी आले, तसे मासेही आले, आणि 1996 मध्ये शासनाने मासेमारीचा ठेका दिला. ज्या पाण्यासाठी गावांनी घाम गाळला, त्यावर ठेकेदाराचा हक्क कसा, असे गावकऱ्यांनी विचारले. विरोधापुढे ठेका रद्द करावा लागला. परंतु बाहेरच्या माणसाला अडविले, तरी गावातीलच एखाद्या सधन शेतकऱ्याने पंप लावून नदी उपसली तर काय करावे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर म्हणून 26 जानेवारी 1999 रोजी नदीकाठच्या सुमारे 70 गावांची ‘अरवरी संसद’ स्थापन झाली. ऊस व भात यांसारखी फार पाणी लागणारी पिके घेऊ नयेत, हिरवी झाडे तोडू नयेत, असे नियम तिने घालून दिले. या संसदेपाशी कायद्याचा अधिकार नाही आणि पोलीसही नाहीत. नियम मोडणाऱ्याला शेजाऱ्यांसमोर उत्तर द्यावे लागते, एवढेच तिचे बळ आहे. आणि तेथेच तिची मर्यादाही आहे.

मार्च 2000 मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी हमीरपुरा येथे येऊन भांवता-कोल्यालाच्या गावकऱ्यांचा गौरव केला. तथापि गौरवाने गाळ उपसला जात नाही. लागोपाठ अवर्षण पडले की अरवरीचा प्रवाह आजही क्षीण होतो. अशा वर्षी उरलेले पाणी कोणी किती घ्यावे, हे एकत्र बसून ठरविणारी माणसे गावात असतील, तरच जोहड टिकतील.