चुण्या कुठे घालायच्या: ओव्हरलॉकवर की साध्या मशीनवर?

आज मी टेबलावर कापडाच्या तीन पट्ट्या आणल्या आहेत. त्या शेवटी दाखवते. आधी आजचा विषय कुठून निघाला ते सांगते.

मी बडोद्याला शिवणाचा क्लास घेते. बडोद्यात मराठी शिंपीणकाम करायचं म्हणजे दोन हंगाम. एक नवरात्राचा, तेव्हा चणियाचोळ्या. दुसरा लग्न-मुंजीचा, तेव्हा परकर-पोलकी. दोन्हीकडे काम एकच, चुण्या आणि परत चुण्या. क्लासमधली एक मुलगी मला म्हणाली, “ताई, बचत गटातून कर्ज काढून ओव्हरलॉक घेतेय. दुकानदार म्हणाला, चुण्या आपोआप पडतात, दोरे ओढायची कटकटच नाही.” मी तिला म्हटलं, आठ दिवस थांब. त्या आठ दिवसांत तिला जे करून दाखवलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. परदेशी व्हिडिओत ज्याला सर्जर म्हणतात, ते आपलं ओव्हरलॉक. आपल्याकडे कित्येक दुकानांत त्यालाच इंटरलॉक म्हणतात. काम तेच: कड कापायची, आणि त्याच वेळी दोऱ्यांनी गुंडाळायची. चुण्या घालणं हे त्याचं मूळ काम नाही, हे लक्षात ठेवा.

मग चुण्या पडतात कशा? साध्या मशीनला फूटखाली दात्यांचा एकच संच असतो, तो कापड मागे सरकवतो. चांगल्या ओव्हरलॉकला असे दोन संच असतात, एक सुईच्या पुढे, एक मागे. दोघांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो, त्याला डिफरन्शियल फीड म्हणतात. बाजूला एक चकती किंवा खटका असतो. १ वर ठेवलं की दोन्ही सारखे चालतात. २ वर ठेवलं की पुढचे दाते मागच्यांच्या दुप्पट कापड आत ढकलतात. येणारं जास्त, जाणारं कमी, म्हणजे सुईखाली गर्दी होते. ती गर्दी म्हणजे चुण्या.

ही सोय झाली होजिअरीसाठी. टी-शर्टचं कापड शिवताना ताणलं जातं आणि कड लाटांसारखी होते. ते टाळायला पुढून थोडं जास्त कापड द्यायचं. चकती १ च्या खाली नेली तर उलट होतं, कापड ताणलं जातं. चुण्या हा त्या सोयीचा वरकड फायदा आहे. म्हणूनच त्याला मर्यादा आहेत, आणि त्या दुकानदार सांगत नाही.

पहिली मर्यादा. चकतीवर २ लिहिलंय म्हणजे कापड निम्मं होईलच असं नाही. मलमल, व्हॉइल, जॉर्जेट ही कापडं ऐकतात. पॉपलिन थोडं ऐकतं. खणासारखं ताठ कापड जवळजवळ ऐकतच नाही. टाका सर्वांत लांब केला आणि सुईच्या दोऱ्याचा ताण वाढवला की चुण्या थोड्या वाढतात, पण जाड कापडाला दात्यांनी कितीही ढकललं तरी ते दुमडत नाही, नुसतं सरकतं.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची, आणि तिनं मला एकदा रात्रभर जागवलंय. ओव्हरलॉकवर चुण्या किती पडणार हे मशीन ठरवतं. तुम्ही फक्त अंदाज करता.

एका मुंजीसाठी मुंजमुलाच्या बहिणीचा परकर शिवायला आला होता. मऊ रेशमी कापड, काठ सुंदर. पट्टी शिलाईसकट २५ इंच, घेर ५० इंच. मला वाटलं, सरळ निम्मं करायचंय, चकती २ वर ठेवू. हातभर तुकड्यावर तपासायचं सोडून चार बोटांची चिंधी घालून बघितली, बरी दिसली, आणि परकर घातला. बाहेर आला तो २९ इंच. चार इंच जास्त. सुईचा दोरा ओढून कमी करायला गेले, तर तो मधेच तुटला. उसवलं, तर कळलं की मशीनच्या सुरीनं वरची कड आधीच कापून घेतली होती, म्हणजे परकराची उंचीही थोडी गेली. सकाळी मुहूर्त. शेवटी साध्या मशीनवर दोन ओळी टाकून, हातानं ओढून, पहाटे तीनला पट्टी लावली. उंचीतली तूट पट्टी रुंद करून भरली. त्या माउलीला ते आजही माहीत नाही. आता कळेल.

त्या रात्री जे हातानं केलं ते नीट सांगते, कारण हल्ली व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुली इथेच घाई करतात.

टाका सर्वांत लांब करा. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा, म्हणजे खालचा बॉबिनचा दोरा सरळ पडतो आणि कापडातून सहज सरकतो. ओढायचा तोच. बॉबिनमध्ये मजबूत पॉलिएस्टरचा दोरा भरा, जुना कुजका सुती दोरा नको. मी बॉबिनला मुद्दाम वेगळा रंग घेते, म्हणजे रात्रीच्या दिव्यातही कुठला ओढायचा ते दिसतं. काठापासून दोन सुतांवर पहिली ओळ आणि पाच सुतांवर दुसरी. पट्टीची खरी शिलाई तीन-चार सुतांवर, दोन्हींच्या मधून जाते. नंतर खालची ओळ काढून टाकायची. नाजूक रेशमावर सुईची भोकं राहतात, तिथे दोन्ही ओळी शिलाईच्या आत, म्हणजे काठाकडेच घ्या. सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे शिवून दोरा पक्का करू नका, चार-चार इंच शेपट्या सोडा.

आता खरी गंमत. घेराचे चार भाग करा, खडूनं खुणा करा. पट्टीचेही चार भाग करा. खूण खुणेला टाचणीनं लावा. घेर मोठा असेल तर ओळ एका दमात टाकू नका, प्रत्येक खुणेपाशी थांबून दोरा तोडा आणि नवीन सुरू करा. एक दोरा तुटला तर एकच पाव भाग परत करावा लागतो. मग दोन्ही ओळींचे बॉबिनचे दोरे एकत्र धरून हळूहळू ओढायचे आणि चुण्या बोटांनी सरकवत न्यायच्या. माप जुळलं की शेपट्या टाचणीभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायच्या. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे आडवी घडी आली तर सुईच्या टोकानं सरळ करता येते. आणि कृपा करून चुण्यांवर इस्त्री फिरवू नका, फक्त शिलाईच्या आतल्या कडेवर फिरवा.

दोन ओळीच का? एका ओळीवरच्या चुण्या शिलाईखाली तिरक्या होतात, एकमेकींवर चढतात. दोन ओळींनी त्या उभ्या, शेजारी शेजारी राहतात. ओव्हरलॉकच्या चुण्यांना ही शिस्त नसते, त्या बारीक चुरगळल्यासारख्या दिसतात. कमरेच्या पट्टीखाली तो फरक नजरेत येतो.

बाजारातले जुने कारागीर यातलं काहीच करत नाहीत, हेही सांगते. ते फूटच्या पुढे कैचीचं किंवा टोच्याचं टोक धरतात आणि शिवता शिवता एक एक चुणी आत ढकलतात. सरळ पट्टीवरच शिवतात. पंधरा-वीस वर्षांचा हात असेल तर यासारखं काही नाही. पण तो हात विकत मिळत नाही, म्हणून मी क्लासमध्ये दोऱ्याचीच पद्धत शिकवते.

मग ओव्हरलॉक कशासाठी? झालरीसाठी! चणियाच्या खालच्या झालरीचा विचार करा. घेर पाच मीटर, झालरीची पट्टी आठ-नऊ मीटर. नऊ मीटरला दोन ओळी टाकून दोरे ओढायचे म्हणजे दुपार गेली. आणि नवरात्रात अशा दहा ऑर्डरी असतात. इथे माप आतबाहेर झालं तरी बिघडत नाही. झालर हिशेबापेक्षा अर्धा-पाऊण मीटर जास्त कापा, ओव्हरलॉकमधून चुण्या घालून काढा, घेराला जोडत न्या आणि उरलेली शेवटी कापा. चहा उकळेपर्यंत चुण्या तयार, आणि वरची कडही आपोआप पक्की. यात साधं मशीन ओव्हरलॉकच्या जवळपासही येत नाही. फक्त सुरी खाली घेऊन बंद करायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर कापताना दोन सूत जास्त धरा.

म्हणजे प्रश्न असा विचारायचा: जिथे चुण्या लावायच्या ती जागा ठरलेल्या मापाची आहे का? कंबर, बाहीची पट्टी, योक, गळा असेल तर साधं मशीन आणि दोरा. माप सैल असेल, कापड पातळ असेल, लांबी खूप असेल तर ओव्हरलॉक. मधलाही एक मार्ग आहे: ओव्हरलॉकवर चुण्या थोड्या कमीच पाडायच्या आणि शेवटचे दोन-तीन इंच सुईचा दोरा ओढून जुळवायचे. शेपटीतल्या दोऱ्यांत सर्वांत सरळ आणि आखूड दिसतो तो सुईचा. पण हे मलमलीवर जमतं, आणि तेही हळू हातानं.

आता त्या मुलीच्या कर्जाचं. लहान, तीन दोऱ्यांची, टेबलावर बसवलेली स्वस्त ओव्हरलॉक मशिनं अनेक ठिकाणी मिळतात. कड मारायला ती उत्तम. पण त्यातल्या पुष्कळांना दात्यांचा एकच संच असतो, डिफरन्शियल नसतंच. त्यावर चुण्या आपोआप वगैरे काही पडत नाहीत. तेव्हा दुकानात गेल्यावर फूट उचलून दाते बघा. पुढे एक आणि मागे एक, असे वेगळे हलणारे दोन संच दिसले पाहिजेत. चकती कुठे आहे ते विचारा. आणि बोलणं ऐकण्याऐवजी घरून २० इंचाची पट्टी न्या, तुमच्याच कामाच्या कापडाची. त्यांच्याच मशीनवर घाला, बाहेर आल्यावर मोजा. लहान चिंधी नको, का ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. २० चे १२ आले तर दहाला सहा, असा हिशेब वहीत लिहून ठेवा. कापड बदललं की परत मोजा.

तिनं तसं केलं. मलमलीची पट्टी घेऊन गेली. दुकानदारानं जोरात पॅडल मारलं, पट्टी बाहेर आली, कड छान गुंडाळलेली, आणि लांबी अगदी २० इंच. कर्ज अजून घेतलेलं नाही. चणियाच्या ऑर्डरी तिला खरंच मिळायला लागल्या आहेत, तेव्हा ओव्हरलॉक ती घेईलच, फक्त दोन दात्यांचं घेईल आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे साठवतेय. परकर मात्र अजून दोरे ओढूनच शिवते.

आता या तीन पट्ट्या. तिन्ही २० इंच कापल्या होत्या आणि तिन्ही माझ्या ओव्हरलॉकवर २ वर घातल्या. ही मलमल, ११ इंच झाली. हे पॉपलिन, १४. आणि हा गुळेदगुड्डचा खण, साडेसतरा. कॅमेऱ्यात चुण्या नीट दिसत नाहीत, म्हणून पट्ट्या इथेच टेबलावर ठेवते. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना हात लावून बघायचंय त्यांनी या. घरून बघणाऱ्यांनी आपापल्या २० इंचाच्या पट्ट्या कापा, कैची जवळ असेलच.