गळक्या वर्गाचा धनी कोण?



शिक्षणावर व्याख्यान आहे म्हटलं की श्रोते मनात ओळखून असतात: गुरुकुलापासून सुरुवात होणार, मधे मेकॉलेला दोन शिव्या आणि शेवटी मूल्यशिक्षणावर टाळ्या. आज मी एका वहीबद्दल बोलणार आहे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात ती असते. दप्तरी नाव इतिवृत्त नोंदवही. शिक्षक तिला 'प्रोसिडिंग' म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा तिच्यात लिहिलेल्या असतात. शिक्षण खात्यात तालुक्याला नोकरी केली, तेव्हा शाळा तपासणीला गेलो की पहिल्यांदा ही वही मागवायचो.

तिची भाषा तुम्ही ऐकली असेल. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक दोन, शाळेच्या भौतिक सुविधांबाबत चर्चा करणे. सविस्तर चर्चा झाली. काय चर्चा झाली, ते नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि शेवटी 'ऐनवेळी येणारे विषय: काही नाही'. वर्षभराच्या सभा एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या ओळखू येतात. सह्या कशा झाल्या असतील? चौथीतला एखादा मुलगा वही घेऊन घरोघर गेला असेल. आई शेतावरून आली की सही करते, नसेल येत तर अंगठा.

आता कायद्यात काय आहे ते बघा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 21 वं कलम सांगतं की शाळेला व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. शाळेच्या कारभारावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष, हे सगळं त्या समितीचं काम. कागदावर एवढे अधिकार गावाला कधीच नव्हते. 1865 च्या आसपास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसला, त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला. पैसा कुणब्याचा, पण तो कुठे खर्च व्हायचा हे कुणबी ठरवत नव्हता. 1882 मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात रयतेच्या श्रमावर गोळा झालेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो हीच तक्रार होती. पुढे 1923 चा प्राथमिक शिक्षण कायदा आला, स्कूल बोर्डं आली. 1947 चा कायदा आला. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्ह्याची स्कूल बोर्डं त्यांच्यात विरली. शहरांत महापालिकांची शिक्षण मंडळं त्यानंतरही पन्नास वर्षं टिकली, आणि स्वेटर-बुटांच्या खरेदीवरून वर्तमानपत्रांत गाजत राहिली. 2013 मध्ये सरकारने ती मोडीत काढायचा कायदा केला, तेव्हा फार कुणाला वाईट वाटलं नाही.

मंडळ गेलं, समिती आली. निर्णय कोण घेतं? यासाठी मी तीन गोष्टी बघतो: खरेदी, मुख्याध्यापक आणि इमारत.

खरेदीचं म्हणाल तर गणवेशासारखं दुसरं उदाहरण नाही. केंद्राच्या योजनेतून मुलामागे दोन गणवेशांचे पैसे येतात. आधी चारशे रुपये होते, मग सहाशे झाले. हे पैसे समितीकडे यायचे. समिती तालुक्याच्या बाजारात जायची, तीन दरपत्रकं घ्यायची, कापड किंवा तयार कपडे आणायची. यात गडबडी होत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. तिन्ही दरपत्रकं एकाच दुकानातून भरून आलेली मी पाहिली आहेत. दोन लेटरहेड दुकानदाराच्या मावसभावाच्या दुकानाची. मग सरकारने ठरवलं की पैसे थेट बँक खात्यात द्यायचे. चारशे रुपयांसाठी पालकांनी खाती उघडायला बँकेत खेटे घातले, मजुरी बुडवली, कुठे किमान शिल्लक भरली. ते फसलं आणि पैसे पुन्हा समितीकडे आले.

2024-25 ला 'एक राज्य एक गणवेश' आला. कापड राज्याने घ्यायचं, शिलाई महिला बचत गटांकडून, महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत. दुसऱ्या, स्काउट-गाइडच्या गणवेशाचं कापड शाळेला, आणि शिलाई समितीने करून घ्यायची. तिच्यासाठी शंभर रुपये, वर दहा रुपये किरकोळ खर्चाला. शंभर रुपयांत पँट-शर्ट शिवून देणारा शिंपी तालुक्याच्या गावात तरी कुणाला माहीत असेल तर मला सभेनंतर सांगा. जूनमध्ये शाळा उघडल्या. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला कितीतरी शाळांत मुलं जुन्याच कपड्यांत होती. जिथे गणवेश पोचले तिथे मापं चुकली: दुसरीच्या पोराला चौथीचा शर्ट, चौथीच्या पोरीला पोलकं बसेना. माप घ्यायला शिंपी वर्गात आलाच नव्हता, मग दुसरं काय होणार? डिसेंबर 2024 मध्ये सरकारने हे अधिकार पुन्हा समित्यांकडे दिले.

सरकार शहाणं झालं, असं म्हणून आपण मोकळे होऊ नये. अधिकार परत आले तेव्हा किती समित्यांनी बसून ठरवलं की कापड कोणतं, शिलाई गावातल्या कोणाकडे, पैसे कधी चुकते करायचे? माझा अंदाज विचाराल तर फार थोड्या. ज्याला आपण लोकांचा अधिकार म्हणतो तो बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचा बोजा होऊन बसतो.

मुख्याध्यापकांवरूनच पुढे जाऊ. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक. आपल्या राज्यात 2023 मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा 14,783 होत्या, हा सरकारचाच आकडा. म्हणजे हजारो गावांत शाळेला प्रमुख म्हणून पदच नाही. दोन शिक्षकांपैकी एकाच्या गळ्यात प्रभारी पद पडतं. ते कुणाला नको असतं. त्यात खिचडीच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहित्या, बँकेची कामं, गटसाधन केंद्राच्या बैठका, आणि हे सगळं सांभाळून दोन-तीन इयत्ता एका खोलीत शिकवायच्या. आणि जबाबदारी आली की सही त्याची.

गावाला या नेमणुकीत काही बोलता येत नाही. 2017 पासून बदल्या ऑनलाइन होतात. त्याआधी बदलीसाठी कुणाचं पत्र लागायचं आणि पाकीट कुणाच्या खिशात जायचं, ते इथल्या पहिल्या दोन रांगांना मी सांगायला नको. संगणक पाकीट मागत नाही, म्हणून मी ऑनलाइन बदलीच्या बाजूचा आहे. गावाने शिक्षक निवडावा असंही मला वाटत नाही; भावकी आणि जात लगेच वर्गात येऊन बसेल. पण चांगला शिक्षक गावात रुजला की काय होतं ते आपण पाहिलं आहे. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा पटावर मोजकी मुलं उरल्यामुळे बंद पडायच्या बेतात होती. शिक्षक आणि गाव एकत्र आले, पट शंभराच्या पुढे गेला, आणि 2025 मध्ये तिला जागतिक शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार मिळाला. अशा शाळेतून शिक्षक जातो तेव्हा तो कार्यभार फक्त दुसऱ्या शिक्षकाला देतो. समितीसमोर द्यायला काय हरकत आहे? एवढी रोकड, एवढं सामान, एवढी अपुरी कामं, या तीन मुलांकडे लक्ष ठेवा. एका सभेचं काम आहे. त्याला शासन निर्णय लागत नाही.

वरच्या पातळीवर तर निवडून आलेलं कुणी नव्हतंच. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि पुढची तीन वर्षं आणि त्याहून जास्त काळ तिथे प्रशासक होते. शिक्षण समितीची बैठक नाही, जाब विचारायला सदस्य नाही. गावातला माणूस शाळेच्या भिंतीबद्दल कुणाला पकडणार होता?

इमारतीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. 21 ऑगस्ट 2017 ला नगर जिल्ह्यातल्या निंबोडीला जिल्हा परिषद शाळेचा वर्ग पावसात कोसळला, तीन मुलं गेली. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला शाळेचं छप्पर पडलं, सात मुलं गेली. वरून खडे पडतायत असं मुलांनी आधी सांगितलं होतं, हे नंतर छापून आलं. दोन्ही घटनांनंतर तेच झालं: निलंबनं, सर्वेक्षणाचे आदेश, धोकादायक खोल्यांच्या याद्या.

धोकादायक खोली पाडण्याला आपल्याकडे निर्लेखन म्हणतात. समितीचा ठराव होतो, तो केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग बांधकाम उपविभागाचा अभियंता बघायला येतो, त्याचा अहवाल जिल्हा परिषदेत जातो, मंजुरी येते, मग लिलाव, मग पाडकाम. हे सगळं नियमाला धरून आहे. इमारत जिल्हा परिषदेची मालमत्ता, ती कुणीही उठून पाडू शकत नाही. पण मुख्याध्यापक हा प्रस्ताव करायला का कचरतात, ते कोणत्याही अहवालात लिहिलेलं नसतं. जुनी खोली पाडायची मंजुरी एका कागदावर येते, नवी खोली बांधायची दुसऱ्या, जिल्हा वार्षिक योजनेच्या भरवशावर, कुठल्या वर्षी ते देव जाणे. मधल्या काळात मुलं मारुतीच्या देवळात किंवा समाजमंदिरात. पालक वैतागून मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात, पट घसरतो, आणि पट घसरला की नव्या खोलीची गरज उरत नाही. पडकी का होईना, खोली आहे तोवर शाळा आहे, हा हिशेब मुख्याध्यापक मनात करतात. तो चुकीचा आहे असं मी म्हणतो, पण मला त्यांच्या जागी बसायचं नाही.

यात माझा साधा आग्रह आहे. पाडायची आणि बांधायची मंजुरी एकाच आदेशात द्या. ठराव पोचल्यापासून ठरलेल्या दिवसांत अभियंता आला नाही, तर खोली आपोआप बंद समजा आणि भाड्याच्या जागेचे पैसे बांधकाम विभागाने द्यावेत. बघा मग अभियंत्याची जीप किती लवकर येते.

पण प्रत्येक गळती पाडण्याइतकी नसते. बहुतेक वर्ग पडतात ते कौलं न सरकवल्यामुळे, पन्हळ तुंबल्यामुळे, भिंतीत पिंपळ उगवला तो पाच वर्षं तसाच राहिल्यामुळे. ही कामं समितीची. त्यासाठी केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून एकत्रित शाळा अनुदान येतं: तीस मुलांपर्यंत दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, हजाराच्या वर पट असेल तर एक लाख. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. दहा हजारांत वर्षभराचं वीजबिल, खडू, फिनेल आणि कौलं, सगळं बसवायचं. बरं, ते तरी वेळेवर? पैसे खात्यात दिसतात ते बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. 31 मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते. छप्पर दुरुस्तीचा हंगाम एप्रिल-मे, गवंडी मोकळा असतो, मुलं घरी असतात. नेमके तेव्हा पैसे गेलेले. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे मिळतं ते घेतलं जातं: सुविचारांचे फलक, प्लास्टिकच्या खुर्च्या, एखादा वजनकाटा. बाहेरचा माणूस म्हणतो, गळक्या शाळेत फलक कशाला घेतले? फलक आठ दिवसांत येतात, छप्पर आठ दिवसांत होत नाही, म्हणून. या खरेदीला मुख्याध्यापकांची अक्कल काढण्यापेक्षा मंत्रालयातलं वेळापत्रक बघावं.

हे वेळापत्रक इथून बदलणार नाही, हे मला कळतं. आपल्या हातात जे आहे ते या उन्हाळ्यात करता येईल. जूनच्या मध्याला शाळा उघडतील, विदर्भात थोड्या उशिरा. त्याआधी समितीची एक सभा बोलवा आणि ती खरोखर घ्या, वही घरोघर पाठवू नका. गावातला गवंडी बरोबर घ्या, प्रत्येक वर्गाचं छप्पर आणि भिंत बघा, आणि जे दिसलं ते ठरावात तसंच लिहा: कुठल्या खोलीचा कुठला कोपरा, किती रुंद भेग, कुठे पाणी येतं. 'चर्चा झाली' असं लिहू नका. जी खोली धोक्याची वाटते तिला कुलूप लावल्याचंही त्यात नोंदवा. ठरावाच्या दोन प्रती काढा, एक पंचायत समितीत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.